कणीक कोण मळणार?

ताई,
मी एकोणचाळीस वर्षांची. नागपुरात सदरला एका पतसंस्थेत नोकरी, घर नरेंद्र नगरला. घरी सासूबाई आहेत, दोन वर्षांपूर्वी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मुलगी यंदा दहावीत, मुलगा सहावीत. मिस्टर बुटीबोरीला कंपनीत आहेत, सकाळी साडेसातच्या बसने जातात, घरी यायला सात वाजतात. माझा दिवस पाचला सुरू होतो. शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही परीक्षांना ए ग्रेड होती. चित्रकला महाविद्यालयात जायचं होतं, पण घरचे बी.कॉम.वर अडून बसले. लग्नानंतर ब्रश सुटला तो सुटलाच. मागच्या दिवाळीत रंगपेटी काढली तर अर्ध्या ट्यूबा दगड झालेल्या. फुटाळा तलावावरची संध्याकाळ रंगवायला घेतली आणि सगळा चिखल झाला. रडू आलं, पेटी परत माळ्यावर टाकली. तरी डोक्यातून जात नाही. यांना सांगितलं तर म्हणतात, ‘काढ ना चित्र, कोण नाही म्हणते?’ खरंच कोणी नाही म्हणत नाही, पण वेळच सापडत नाही. यूट्यूबवर सांगतात पहाटे चारला उठा. एक मैत्रीण म्हणते महिनाभर रोज एक चित्र असं चॅलेंज घे, दुसरी म्हणते क्लास लाव. मला वाटतं मुलीची दहावी होऊन जाऊ द्यावी, मग निवांत बसावं. की हे सगळं या वयात स्वार्थीपणाचंच आहे?
– रंगपेटी, नरेंद्र नगर

रंगपेटीताई,

पहाटे चारला उठू नका. हे आधी सांगते, कारण शाळा उघडायच्या तोंडावर असे निश्चय फार होतात. ज्या बाईचा दिवस पाचला सुरू होतो तिला चारला उठा म्हणणारा माणूस स्वतः किती वाजता झोपतो आणि उठल्यावर त्याच्या हातात चहाचा कप कोण देतं, हे त्या व्हिडिओत दाखवत नाहीत. झोप कापून काढलेल्या तासात डोळे चुरचुरतात, हात जड असतो, आणि जलरंगाला तर हलका हात लागतो. शिवाय असा चोरून घेतलेला वेळ घरातल्या कोणाच्याच हिशेबात नसतो. पाहुणे आले, सासूबाईंचं दुखणं वाढलं, की सगळ्यात आधी तोच जातो आणि गेल्याचं कोणाला कळतही नाही.

तुम्हाला कोणी ना कोणी बहिणाबाईंचं उदाहरणही देईल. बहिणाबाई चौधरी जात्यावर बसून, शेतात राबता राबता गाणी रचत होत्या, मग मिक्सर-वॉशिंग मशीन असून तुला काय झालं? हे उदाहरण बायकांच्या डोक्यात हाणायला फार वापरतात, म्हणून त्यावर जरा थांबते. ओवी जात्यावर होते कारण दळताना हात गुंतलेले असले तरी तोंड मोकळं असतं, आणि फिरत्या जात्याचा ताल आयता मिळतो. ती कला त्या कामाच्या पोटातूनच आलेली आहे. आणि बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलाने, सोपानदेवांनी आणि घरच्यांनी ती गाणी उतरून घेतली, म्हणून 1951 साली त्या गेल्यावर पुढच्याच वर्षी ती पुस्तकात आली. म्हणजे तिथेही कोणीतरी दुसऱ्याने कामाचा एक वाटा उचललाच होता. ते मात्र उदाहरण देणारे विसरतात.

जलरंगाला दोन्ही हात लागतात, डोळे लागतात आणि मध्ये उठून चालत नाही. कुकरच्या शिट्ट्या मोजत आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, देता येत नाही. शिट्टीकडे कान गेला की कडा वाळलीच.

आता तुमच्या पत्रातल्या मुख्य गोष्टीकडे येते. ‘काढ ना चित्र, कोण नाही म्हणते?’ तुमचे मिस्टर हे मनापासूनच म्हणत असतील, मला त्यात शंका नाही. पण त्यांनी दिली ती परवानगी, आणि परवानगी तर तुम्ही मागितलीच नव्हती. आठ वाजता कणीक कोण मळणार, याबद्दल त्यात एक शब्द नाही. वरणाला फोडणी, सासूबाईंची रात्रीची गोळी, मुलाची गृहपाठाची वही, उद्याच्या डब्याची भेंडी पुसून ठेवणं, आत्ताआत्तापर्यंत कूलरच्या टाकीत पाणी भरणं, हे सगळं जिथल्या तिथे तुमच्याच नावावर राहिलं आणि वर सांगण्यात आलं की काढ चित्र. मग वेळ निघत नाही आणि तुम्ही म्हणता, मलाच सापडत नाही. सापडेल कसा? तो हरवलेला नाही, कामात लागलेला आहे. एखादं काम तुमच्या हातातून सुटून दुसऱ्याच्या हातात गेलं, तरच तेवढा वेळ मोकळा होईल. वेळेच्या नियोजनावर कितीही वाचा, याला दुसरी वाट नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

एका बाबतीत तुमचं पत्र अगदी वेळेवर आलं. आपल्या विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात. त्या आठवड्यात तसंही प्रत्येक घराचं वेळापत्रक नव्याने बसतं. ऑटोवाल्याची वेळ, ट्यूशन, डबे, कोण कोणाला आणणार. बहुतेक घरांत तो कागद फ्रिजवर लागतो आणि त्यावर मुलांची नावं असतात, कधी सासू-सासऱ्यांच्या फिजिओथेरपीची वेळ असते. आईचं नाव नसतं, कारण आई म्हणजे तो कागद चालवणारी. यंदा त्यावर तुमचं नाव घाला. मंगळवार आणि शुक्रवार, रात्री आठ ते नऊ. दोनच दिवस. वार दुसरे धरलेत तरी चालेल, पण वार पाहिजेत. ‘जमेल तेव्हा’ असं लिहू नका.

आणि हे मागायचं ते नेमक्या शब्दांत. ‘मला जरा स्वतःसाठी वेळ हवा’ म्हटलं की सगळे माना डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी पहिले पाढे पंचावन्न. त्यापेक्षा रविवारी जेवणं झाल्यावर, भांडणाच्या सुरात नाही, साधं सांगा: ‘मंगळवारी आणि शुक्रवारी आठ ते नऊ मी आतल्या खोलीत बसणार आहे. त्या दोन दिवशी रात्रीचं जेवण तुम्ही बघा.’ बघा म्हणजे काय ते त्यांना ठरवू द्या. खिचडी टाकतील, पोळी-भाजी केंद्रातून पोळ्या आणतील, मुलगी वरण लावेल. मुलालाही ताटं घ्यायला, पाणी भरायला लावा. सहावीतला मुलगा लहान नसतो. सगळं दहावीतल्या पोरीच्या अंगावर पडू देऊ नका, नाहीतर पंचवीस वर्षांनी तिचं असंच पत्र कोणाला तरी येईल.

खरी परीक्षा पुढेच आहे. पहिल्या मंगळवारी वरण पातळ होईल. ‘हिंग कुठंय?’ असा आवाज येईल. मुलगा दार ढकलून विचारेल, ‘आई, तू काय करून राहिली?’ सासूबाई बाहेरून म्हणतील, ‘राहू दे बाप्पा, मीच उठते,’ आणि त्या गुडघ्यावर हात ठेवून खुर्चीतून उठायला लागल्याचा आवाज तुम्हाला आत ऐकू येईल. तुमचा जीव वरखाली होईल. उठू नका. हिंग सापडतो. त्या दिवशी तुम्ही बाहेर आलात की घरादाराला कळलं, हा तास लवचिक आहे. त्या घटकेला चित्र होत नसलं तरी नुसत्या कागदासमोर बसून राहा.

सासूबाईंना मात्र आधी विश्वासात घ्या, आणि त्यासाठी माझ्याकडे एक युक्ती आहे. त्यांनाच बसवा समोर. दुपारी मेथी निवडताना, वाती वळताना त्यांचे हात कधी नीट पाहिलेत? अंगठ्याच्या बुडाशी पडलेली घडी, बांगडी सैल होऊन मनगटाच्या हाडावर अडकलेली, नखांत हिरवा रस. रविवारी बॉलपेनने ते हात काढा. त्या हलतील, मध्येच बोलतील, ‘काहून काढते वं माझी हाडं’ म्हणतील, चेहरा काढलात तर नाक मोठं झालं म्हणून रुसतील. पण ज्या माणसाचं चित्र निघतं ते माणूस त्या वहीच्या बाजूचं होतं, हे मी अनेक घरांत पाहिलं आहे.

आता जरा साहित्याचं बोलू, कारण अर्धा वेळ तिथेच जातो. माळ्यावरून पेटी काढायची, वर्तमानपत्र अंथरायचं, पाण्याचे डबे, बोर्ड, मग संपल्यावर सगळं परत. या मांडामांडीत तासाची पंचवीस-तीस मिनिटं जातात, आणि थकलेल्या दिवशी नुसत्या त्या विचारानेच माणूस म्हणतो, आज नको. म्हणून पेटी माळ्यावर ठेवायची नाही. शिलाई मशीनवरची फळी, खिडकीचा कट्टा, कपाटातला एक कप्पा, काहीही चालेल, पण सामान मांडलेलं राहिलं पाहिजे, आणि ती जागा इस्त्रीच्या कपड्यांसाठी कोणी वापरायची नाही.

दगड झालेल्या ट्यूबा फेकल्या नसतील अशी आशा आहे. जलरंग डिंकात घोटलेला असतो आणि तो डिंक वाळला तरी पाण्यात पुन्हा विरघळतो. ट्यूब ब्लेडने उभी चिरा, आतली वडी काढून मुलाच्या जुन्या कंपासपेटीत बसवा, वर दोन थेंब पाणी टाकून रात्रभर ठेवा. सकाळी ब्रशला रंग येतो. बुरशीचा वास येत असेल तर मात्र सरळ टाकून द्या. अॅक्रिलिकच्या ट्यूबांवर हा प्रयोग करू नका, ते एकदा वाळले की वाळले.

कागद लहान घ्या. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, 300 जीएसएमचा जाड, पूर्ण इम्पीरियल ताव मिळतो, बावीस बाय तीस इंचांचा. त्याचे सोळा तुकडे केले की प्रत्येक साडेपाच बाय साडेसात इंचांचा होतो. एवढं चित्र एका तासात संपतं. अर्धा ताव घेऊन बसलात तर मंगळवारी आकाश होईल, शुक्रवारपर्यंत मन निघून जाईल आणि अपुऱ्या चित्रांचा ढीग साचेल. नोकरदार माणसाने आपल्या तासात मावेल तेवढाच कागद घ्यावा. मोठी चित्रं मोठ्या सुट्टीत.

फुटाळ्याच्या चिखलाबद्दल. तुमचा हात गेला म्हणून तो झालेला नाही. संध्याकाळचं आकाश हा जलरंगातला सगळ्यात फसवा विषय आहे. निळा आणि नारिंगी हे विरोधी रंग, इंटरमिजिएटला रंगचक्रात आपण समोरासमोर भरले होते तेच. ओल्या निळ्यावर नारिंगी चढला की दोघं एकमेकांना मारतात आणि राखाडी-तपकिरी उरतं. आधी सगळ्या आकाशाला अगदी फिका पिवळा द्या, पूर्ण वाळू द्या, मग वरून निळा उतरवत आणा आणि नारिंगीच्या अलीकडे थांबवा, मध्ये ती पिवळी पट्टी मोकळी राहू द्या. दिवाळीत बरोबर हेच राहून गेलं असणार. तरी पहिले तीन-चार महिने फुटाळा नकोच. वांगं काढा, लोट्या काढा, संत्र्याची साल काढा. आणि त्यातलं काहीही फ्रेम करायचं नाही, स्टेटसला ठेवायचं नाही. लोक छान म्हणतात आणि आपण छान म्हणवून घेण्यासारखंच काढत बसतो.

दोन वार झाले. बाकी दिवशी हात गरम राहायला हवा, त्याला रंग लागत नाहीत. तुम्ही ऑफिसला गाडीने जाता की मेट्रोने ते लिहिलं नाही. गाडीने जात असाल तर आठवड्यातून दोनदा तरी छत्रपती चौकातून मेट्रो धरा आणि कस्तुरचंद पार्कला उतरा. गाडीवर दोन्ही हात हँडलवर आणि डोळे समोरच्या बसवर. मेट्रोत जागा मिळाली तर पंधरा-वीस मिनिटं तुमची. तळहाताएवढी वही, साधा बॉलपेन. समोर मोबाइलमध्ये मान घातलेली माणसं बसलेली असतात, आणि मोबाइलवाला माणूस मॉडेल म्हणून फार चांगला, अजिबात हलत नाही. स्टेशन आलं की तो उठून जाईल आणि चित्र अर्धं राहील, राहू द्या. अशा अर्ध्या माणसांनीच नजर तयार होते. झिरो माइलच्या खांबाजवळचे चार घोडे तर नागपुरात चित्रकला शिकलेल्या प्रत्येकाने कधी ना कधी काढले आहेत. तुम्ही रोज त्यांच्या जवळून जाता.

आणि मुलाला घेऊन एखाद्या सुट्टीला अजब बंगल्यात जा. 1863 पासूनचं आपलं सेंट्रल म्युझियम, शाळेच्या सहलीनंतर तिथे कोणी पाऊल ठेवत नाही. पेंढा भरलेले प्राणी, दगडी मूर्ती, सगळे निमूट उभे. मुलगाही काढेल. त्याचा हात बसला तर त्याला इंटरमिजिएटपर्यंत नेऊन थांबवू नका. आता त्या ग्रेडचे दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून पालक मुलांना परीक्षेला बसवतात आणि गुण पदरात पडले की रंगपेटी कपाटात कोंबतात. मला याचा भयंकर राग येतो, पण तो विषय आजचा नाही.

महिनाभराचं चॅलेंज नको. चौथ्या दिवशी नणंद येते, पाचव्या दिवशी मुलाला ताप, आणि सहाव्या दिवशी तुम्ही ‘मला काहीच जमत नाही’ या वाक्यावर येऊन पोचता. दोन वारांतला एक चुकला तर पुढचा वार येतोच, भरपाई करायची नसते.

क्लासला मात्र माझा पाठिंबा आहे, आणि कारण शिक्षणाचं नाही. आपल्या घरांत ‘चित्र काढायचंय’ म्हटलं तर कोणीही हाक मारतं, पण ‘क्लास आहे’ म्हटलं की घर शिस्तीत येतं. फी भरलेली असते, सर वाट पाहत असतात, बुडवला तर पैसे जातात. हे आपल्याकडचं एक गमतीदार सत्य आहे. त्याचा फायदा उठवा. घराजवळ कुठे शनिवारचा क्लास असेल तर तीन महिने लावा. क्लासच्या नावाने घराला सवय लागली की पुढे क्लास सोडला तरी शनिवार तुमच्याकडे ठेवा. कोणाला लगेच सांगायची गरजही नाही.

दहावीचं म्हणाल तर, मुलीची दहावी मार्चमध्ये संपेल आणि जूनमध्ये अकरावीसोबत नीट किंवा जेईईची ट्यूशन सुरू होईल. तिची बारावी झाली की मुलगा नववीत, पुढच्या वर्षी त्याची दहावी, मग त्याची बारावी. यंदापासून धरलं तर तुम्ही पंचेचाळिशी ओलांडलेली असाल, आणि तेव्हा सासूबाईंना आजच्याहून जास्त हात द्यावा लागेल. मधल्या काळात निवांत दुपार वगैरे काही येणार नाही. आणि अभ्यासाला बसलेल्या मुलीला आठवड्यातून दोन तास बाजूच्या खोलीत आई कामात आहे, याने काही बिघडत नाही. उलट सारखी दार उघडून ‘झालं का गं?’ विचारणारी आई दोन तास गप्प बसली म्हणून ती तुम्हाला दुवाच देईल.

स्वार्थीपणाचं उत्तर देत नाही. मिस्टर रविवारी मित्रांबरोबर तर्री पोहे खायला जातात तेव्हा ते स्वतःला हा प्रश्न विचारतात का, तेवढं पाहा.

समजा मागूनही नाही मिळालं. पहिल्या महिन्यात सगळे उत्साहाने करतील आणि पोळ्यापर्यंत पुन्हा सगळं तुमच्याकडे सरकेल, असं बऱ्याच घरांत होतं. तेव्हा रुसून पेटी माळ्यावर टाकू नका आणि ‘तुम्हाला माझी किंमत नाही’ इथपर्यंतही जाऊ नका. त्या मंगळवारी स्वयंपाकच करू नका. फ्रिजवरच्या कागदावर बोट ठेवा, आणि आत जा. दूध-पोहे खाऊन एक रात्र कोणाचं काही अडत नाही.

एक ऋतूचं राहिलं. मे महिन्यात आपल्याकडे ब्रश उचलेपर्यंत वॉश वाळतो, पण आता जुलैत उलट होईल. कागद ओलावा धरतो, पहिला थर अर्धा तास वाळत नाही आणि तुमचा तास त्यातच संपतो. मुलीचा हेअर ड्रायर लांबून फिरवा. थर वाळेपर्यंत स्वयंपाकघरात चक्कर मारून येते म्हणाल तर परत येणार नाही, त्यापेक्षा पुढच्या तुकड्यावर पेन्सिलचं रेखाटन करा. कोरा कागद प्लास्टिकच्या पिशवीत बंद ठेवा, नाहीतर ऑगस्टपर्यंत त्यावर बुरशीचे ठिपके येतात आणि तिथे रंग फुटतो.

दिवाळीच्या आसपास मला पुन्हा लिहा. चित्रांचे फोटो पाठवले नाहीत तरी चालेल. कोणत्या वारी बसता आणि त्या वारी तुमच्या घरी कणीक कोण मळतं, एवढं कळवा.